देवावर काय सोडायचं, आपल्या हाती काय ठेवायचं?

घरातला कर्ता माणूस अचानक गेला की वऱ्हाडात पहिल्या दोन-तीन दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘देवाच्या मनात होतं ते झालं, बाई. आता पुढचं त्यालेच काळजी.’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणारीला मात्र उद्या सकाळी उठून काय करायचं, ते त्यातून कळत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या वाचकांकडून येणारे प्रश्न निरनिराळ्या घरांतले असतात. कुणाचा नवरा शेतात साप चावून गेला, कुणाचा मुलगा रस्त्यावर, कुणाच्या घरात कर्जापायी घडू नये ते घडलं. तरी विचारणं बहुतेक सारखंच असतं :

- विम्याचे पैसे मागितले तर माणसाची किंमत घेतल्यासारखं होईल का?
- सगळं गजानन महाराजांवर सोडलं आहे. मग तहसील, वकील, कोर्ट कशाला? ते केलं तर श्रद्धा कमी पडली असं होतं का?
- नवस फेडायचा राहिला होता. म्हणून हे झालं का?
- दीर म्हणतात, ‘इथे सही करून द्या, पुढचं देव पाहील.’ करावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यालाच सगळ्यात जास्त घाई असते : करू नका. कारण पुढे येईल.

आधी मनातली शंका मिटवा

जे घडलं ते का घडलं, हा प्रश्न खुशाल देवावर सोडा. त्याचं उत्तर कुणापाशी नाही. ज्याला ते माहीत असल्याचा दावा आहे, त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण आता काय करायचं, हा प्रश्न देवावर सोडायचा नसतो. हे मी आपल्याकडच्याच एका जुन्या उदाहरणावरून सांगते.

1908 साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे जिवलग मित्र. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथात अशी कथा आहे, की या संकटात खापर्ड्यांनी कोल्हटकर नावाच्या गृहस्थांना शेगावला गजानन महाराजांकडे पाठवलं. महाराजांनी टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद दिला आणि या शिक्षेतून मोठं काम होणार असल्याचं सुचवलं. ही झाली भक्तीची बाजू. आता इतिहासाची बाजू पाहा. त्याच वर्षी खापर्डे बोटीत बसून विलायतेला गेले आणि टिळकांचं अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी धडपडत राहिले. अपील फेटाळलं गेलं. टिळक मंडालेच्या तुरुंगात राहिले, तिथे त्यांनी पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं. 1914 मध्ये ते सुटले, 1915 मध्ये ग्रंथ छापून आला.

शेगावला माणूस पाठवणाऱ्या खापर्ड्यांना अपिलाचे कागद तयार करताना आपली श्रद्धा उणी पडते आहे असं वाटलं नाही. तुम्हालाही तहसीलच्या पायऱ्या चढताना तसं वाटायचं कारण नाही. विम्याच्या पैशाबद्दलही हेच. ती रक्कम माणसाची किंमत नसते. गेलेल्या माणसानं स्वतःच्या खात्यातून हप्ता कापू दिला होता, तो तुम्ही उघड्यावर पडू नये म्हणूनच. ते पैसे न घेण्यात त्याचा मान कसला?

आणि नवसाचं. नवस राहिला म्हणून माणूस नेणारा देव कुठल्याच वऱ्हाडी संतानं सांगितलेला नाही. एवढं पुरे.

पहिले काही तास : पोस्टमॉर्टेमला नाही म्हणू नका

हा मुद्दा वाचायला कठीण आहे. पण बहुतेक दावे इथेच मरतात. साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, मोटारपंपाचा शॉक लागला, फवारणी करताना विषबाधा झाली, तर घरची मंडळी म्हणतात, ‘गेलेल्या जिवाची चिरफाड नको, देवानं नेला तसा जाऊ द्या.’ संध्याकाळच्या आत माती होते. महिन्याभरानं अपघाताचा दावा करायला गेल्यावर पहिला कागद मागितला जातो तो पोस्टमॉर्टेमचा, दुसरा पोलिसांच्या पंचनाम्याचा. दोन्ही मागाहून तयार करता येत नाहीत.

म्हणून घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाला एवढी जबाबदारी द्या :

- पोलीस ठाण्याला कळवा. घटनास्थळाचा पंचनामा होऊ द्या.
- पोस्टमॉर्टेम होऊ द्या. अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते होतं. त्याचे पैसे लागत नाहीत.
- मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. तोवर ती विनाशुल्क असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.
- दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या आणि त्यावरचं नाव आधार, सातबारा, पासबुक यांच्याशी अक्षरशः जुळतं का ते तिथेच उभं राहून तपासा. ‘ज्ञानेश्वर’चं ‘ज्ञानदेव’ झालं तर सहा महिने जातात.

सर्पदंशाबद्दल आणखी एक. माणूस जिवंत असतानाच मांत्रिकाकडे नेऊन दवाखान्याचा वेळ घालवला जातो, हे मेळघाटातच नाही, शहराला लागून असलेल्या गावांतही चालतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. माणूस आधी दवाखान्यात न्या. अंगारा गाडीत बसल्यावर लावला तरी चालतो.

तेरवीपर्यंत एकही सही नाही

दुःखात माणसाचं डोकं चालत नाही, आणि नेमकं तेव्हाच कागद पुढे येतात. कधी वाईट हेतूनं येतात, कधी खरोखर भाबडेपणानं. ‘भावाभावांत एकोपा राहावा म्हणून’ हे कारण सगळ्यात जास्त वापरलं जातं. तुम्ही एकच वाक्य पाठ करून ठेवा : ‘तेरवी होऊ द्या, मग वकिलाला दाखवून पाहते.’ हे बोलण्यात कुणाचा अपमान नाही.

कोणते कागद टाळायचे :

- हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं गेलं की ते मोडणं फार अवघड. तुमचा हिस्सा गेला, म्हणजे गेला.
- कोरा स्टॅम्प किंवा कोरा कागद. कारण काहीही सांगोत.
- मुखत्यारपत्र. ‘वहिनीला धावपळ नको’ म्हणून मागितलं तरी.
- मुलांच्या वतीनं विक्रीचा करार. अज्ञान मुलाचा स्थावर मालमत्तेतला वाटा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, अगदी आईलासुद्धा. कुणी ‘चालतं’ म्हणालं तर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

आता तुमचा हक्क किती, ते थोडक्यात. हिंदू वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. लग्न झालेली मुलगी यात येते. सासूबाई येतात. सासरे या पहिल्या यादीत येत नाहीत, दीर तर नाहीतच. पुढे तुम्ही दुसरं लग्न केलंत तरी नवऱ्याकडून आलेला वाटा कुणी काढून घेऊ शकत नाही. शेत वडिलोपार्जित असेल तर आधी गेलेल्या माणसाचा हिस्सा किती हे ठरवावं लागतं. तिथे वकील हवाच. मुस्लिम कुटुंबांत वाटे वेगळ्या कायद्यानं ठरतात, तोही जाणकाराला विचारा.

बँकेत नॉमिनी म्हणून ज्याचं नाव आहे तो पैसे उचलू शकतो, पण एवढ्यानं तो मालक होत नाही. ते पैसे वारसांचे असतात. हा गोंधळ शिकलेल्या घरांतही दिसतो.

सातबाऱ्यावर वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ऑनलाइन करता येतो. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस येते. ती वाचा, आणि त्यात तुमचं, मुलींचं, सासूबाईंचं नाव आहे का पाहा. नसेल तर लेखी हरकत द्या.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्याचं कार्यालय अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. फोन 15100.

पैसा कुठे कुठे अडकलेला असू शकतो

पहिलं काम : त्यांचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बोटानं वाचा. 436 रुपये कापले गेले असतील तर पंतप्रधान जीवनज्योती विमा चालू आहे, मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी 2 लाख. (नवीन विमा असेल तर पहिले 30 दिवस अपघाती मृत्यूच धरला जातो.) 20 रुपये कापले गेले असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. खातं ज्या शाखेत आहे तिथेच दावा करायचा, शक्यतो महिन्याच्या आत. खेड्यातल्या कित्येक घरांत हे पैसे केवळ कुणी पासबुक उघडून पाहिलं नाही म्हणून राहून जातात. देवानं कुठे मदतीचा हात ठेवला असेल तर तो या दोन ओळींत असू शकतो, इतकंच म्हणते.

बाकीच्या वाटा :

- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकरी किंवा त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय 10 ते 75. अपघाती मृत्यूला 2 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांच्या आत. रस्ता, वीज, साप, पाणी, विषबाधा हे अपघात यात येतात. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या येत नाही.
- रस्ता अपघात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. वाहन पळून गेलं असेल तर मृत्यूला 2 लाखांची वेगळी तरतूद आहे.
- वन्यप्राण्याचा हल्ला. मेळघाटालगतच्या गावांनी वन विभागाला लगेच कळवावं. मृत्यूची भरपाई 25 लाखांपर्यंत आहे.
- नोकरी असेल तर. पीएफ, त्याची पेन्शन आणि त्याला जोडलेला विमा, जो 7 लाखांपर्यंत असू शकतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते, मृत्यू झाला तर ती लागत नाही. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत हे कुणी आपणहून सांगत नाही.
- राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेल्यास एकदाच 20,000 रुपये. तहसीलची संजय गांधी शाखा.
- संजय गांधी निराधार अनुदान. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या विधवेला महिन्याला 1,500. ‘लाडकी बहीण’ चालू असेल तर दोन्ही एकत्र मिळत नाहीत, हे अर्जाआधी विचारून घ्या.
- बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गेलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत महिन्याला 2,250. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज. ही योजना माझ्या मते सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात कमी माहितीची आहे. शाळेत पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना सांगा, बोनाफाईड लागेल.

रकमा आणि अटी बदलत असतात. अर्जाच्या दिवशी खिडकीवर विचारून घ्या. प्रत्येक अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा. ज्या सेवांना लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत ठरवून दिली आहे, तिथे उशीर झाला तर अपील करता येतं, पण ती पोच हातात असली तरच.

शेतकऱ्यानं स्वतः जीव दिला असेल तर

आपल्या भागात हे टाळून लिहिता येत नाही. अशा घरात ‘देवाची इच्छा’ हे शब्द सगळ्यात जास्त टोचतात. तिथे ते बोलूच नयेत असं मला वाटतं.

कर्जापायी आत्महत्या झाली आणि जिल्हा समितीनं प्रकरण पात्र ठरवलं, तर शासनाकडून 1 लाख मिळतात. त्यातले 30,000 हाती आणि 70,000 ठेवीत. पात्र ठरण्यासाठी शेतजमीन त्यांच्या किंवा कुटुंबीयाच्या नावावर असणं आणि कर्ज बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं असणं पाहिलं जातं. म्हणून चौकशीला तहसील, कृषी आणि पोलीस खात्याची माणसं येतील तेव्हा कर्जाचे सगळे कागद एका पिशवीत तयार ठेवा. लाजेनं ‘कर्ज नव्हतं, पोटदुखी होती’ असा जबाब कुणी देऊ नये. तो जबाब पुढे तुमच्याच विरोधात वापरला जातो. प्रकरण अपात्र ठरलं तर कारण लेखी मागा आणि फेरविचाराचा अर्ज करा. वर सांगितलेला 436 रुपयांचा विमा अशा मृत्यूलाही मिळतो.

या घरातल्या बाकीच्यांवरही लक्ष ठेवा, विशेषतः मोठ्या मुलावर आणि गेलेल्या माणसाच्या वडिलांवर. झोप न येणं, जेवण सोडणं, ‘मीच जायला पाहिजे होतं’ असं वारंवार म्हणणं दिसलं तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-बेरात्री चालतो, मराठीत बोलता येतं. सर्वोपचार आणि इर्विनमध्ये मनाच्या आजारांचे डॉक्टर बसतात. एवढ्या आघातानंतर मन आजारी पडू शकतं. गोळ्या चालू असतानाही पारायण करता येतं.

सावकार दारात आला तर

- गेलेल्या माणसाचं कर्ज वारसांवर येतं, पण त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. तुमच्या मजुरीतून, तुमच्या माहेरच्या दागिन्यांतून फेडायची सक्ती नाही. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी.
- सावकाराकडे परवाना आहे का विचारा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
- शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि बिनतारणी 12 टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही. महिन्याला पाच टक्के सांगणारा माणूस कायद्याच्या बाहेर आहे.
- मागच्या 15 वर्षांत सावकारीपोटी शेत लिहून दिलं गेलं असेल तर ते परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय असतं, तिथून सुरुवात करा.

इथे गाडगेबाबांची आठवण करून देणं भाग आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा मुलगा, वडील गेल्यावर आईसोबत मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे वाढला, आणि मामाचं शेत सावकाराच्या फसवणुकीत कसं जातं ते त्यानं पाहिलं. पुढे आयुष्यभर ते कीर्तनातून सांगत राहिले, की कर्ज काढून कार्य करू नका. तेरवीचं जेवण हा आजही नव्या कर्जाचा पहिला हप्ता असतो. पाचशे पानं उठवायची ऐपत नसेल तर उठवू नका. सोयऱ्यांनी नावं ठेवली तर ठेवू द्या, ती वर्षभरात विसरली जातात. व्याज विसरत नाही.

देवाच्या नावानं पैसे मागणारे

संकटात सापडलेल्या घराचा पत्ता यांना फार लवकर लागतो. ‘घरावर करणी आहे’, ‘पितर अडकलेत’, ‘दुसराही जाणार’, असं सांगून भीती घातली जाते, मग विधीचा खर्च सांगितला जातो. ओळखायची खूण सोपी आहे : ज्याच्याकडून आल्यावर भीती वाढते आणि पाकीट हलकं होतं, तो देवाचा माणूस नव्हे. शेगावला दर्शनाला आणि महाप्रसादाला पैसे लागत नाहीत, हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. महाराजांना जे लागत नाही ते या बाबाला कशाला?

जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालचा आहे. भानामतीच्या नावानं छळ, चमत्काराच्या नावावर फसवणूक, भुताच्या निमित्तानं मारहाण यांना सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्या. या कायद्यानं पूजा, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, म्हणून ‘हा धर्माविरुद्धचा कायदा’ या बोलण्याला भिऊ नका.

मग भरवसा ठेवायचा म्हणजे रोज काय करायचं?

कागदांचं काम दिवसाचं असतं. रात्र मोठी असते. तिच्यासाठी श्रद्धेला काही ठरलेलं रूप द्या, नुसतं ‘भरवसा ठेवा’ म्हटल्यानं तो ठेवला जात नाही.

गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी तिथे जाऊन बसा. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली ही पद्धत वऱ्हाडातल्या खेड्यांत अजून टिकून आहे, आणि तिचा गुण असा की तिथे कुणी तुम्हाला बोलायला लावत नाही. चार माणसांत बसता येतं, रडू आलं तरी चालतं. हरिपाठाचं मंडळ असेल तर तेही तितकंच चांगलं. अकोल्याहून शेगावची पायवारी करणारे जथे असतात. पाय चालत असले की डोकं थोडं थांबतं. पण पहिल्या महिन्यात वारीला निघू नका, दाव्यांच्या तारखा चुकतात. बौद्ध वाचकांना देवाचा प्रश्न पडत नसेल. त्यांनी विहारातली सायंवंदना धरावी, काम तेच होतं.

विधवेनं कीर्तनाला, हळदीकुंकवाला, देवळात पुढे यायचं नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर शासनानं राज्यातल्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेतही तो ठराव मांडता येतो. कुंकू लावायचं की नाही हे तुम्ही ठरवा, जाऊबाईंनी नाही.

आणि देवावर रागावलात तर? रागवा. देवघराकडे पाठ करून आठ दिवस बसलात तरी काही बिघडत नाही. गाडगेबाबांचा एकुलता मुलगा गोविंदा 1923 मध्ये गेला, ती बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट शोकसभांत फार सांगितली जाते. कृपा करून ती कुणा आईला ‘तूही रडू नको’ असं म्हणण्यासाठी वापरू नका. बाबांनी स्वतःपुरतं जे केलं ते दुसऱ्यावर लादायचं नसतं.

शेजाऱ्यांनी आणि सोयऱ्यांनी काय करावं

‘देव जे करतो ते चांगल्यासाठी’ हे वाक्य निदान वर्षभर बोलू नका. ते खरं की खोटं हा वाद नाही. बोलायचा अधिकार ज्याच्यावर वेळ आली त्याचा आहे. त्याऐवजी या चार गोष्टींतली एक उचला :

- पहिल्या पंधरा दिवसांत मुलांना शाळेत नेणं-आणणं.
- पेरणी, डवरणी किंवा कापूस वेचणी अडली असेल तर एक दिवसाचं मनुष्यबळ.
- पासबुकं, पॉलिसी, सातबारा, आधार, रेशनकार्ड एका फाईलमध्ये लावून त्यावर तारखांची चिठ्ठी चिकटवणं : 21 दिवस मृत्यू नोंद, 30 दिवस विमा आणि कृषी, 3 महिने वारस नोंद, 6 महिने मोटार अपघात.
- कचेरीत सोबत जाणं. बाई एकटी गेली की ‘साहेब उद्या भेटतील’ असं उत्तर मिळतं. शेजारी कुणी बसलेलं असलं, विशेषतः हातात वही घेऊन नाव-तारीख लिहिणारं, तर साहेब बहुधा त्याच दिवशी भेटतात. सकाळी लवकरची एसटी धरा, झेरॉक्स गावातूनच काढून न्या, आणि डबा दोघींचा घ्या.